ठिणगी वाट चुकते तेव्हा...

दोस्तांनो, पालघर किंवा बोईसर स्टेशनच्या फलाटावर उभे असताना कधी मान वर करून पाहिलंय? रुळांवरून गेलेली ती तार, तिला धरून ठेवणाऱ्या चिनी मातीच्या चकत्या आणि खांबावरची ‘सावधान! २५,००० व्होल्ट’ अशी पाटी. पाटी वाचली की आपण नकळत एक पाऊल मागे सरकतो. बरोबरच आहे! त्याच तारेतल्या विजेवर डहाणूची लोकल धावते आणि गुजरातकडे जाणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्याही धावतात.

आता तुम्हाला सांगितलं, की जवळजवळ तेवढेच व्होल्ट तुमच्या शाळेच्या व्हॅनमध्येही असतात, तर? आणि तेसुद्धा काकांच्या सीटखाली, करंगळीहूनही बारीक अशा रबरी तारेत? तुम्ही म्हणाल, “काहीतरीच काय!” पण ही थाप नाही. जुन्या मारुती ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यात पेट्रोल पेटवणारी ठिणगी उडते ती पंधरा-वीस हजार व्होल्टवर. ती ठिणगी जिथे पोचायला हवी तिथे पोचली नाही, की गाडी धक्के मारते, थरथरते, चढावर दम तोडते. गॅरेजच्या भाषेत गाडी ‘मिसिंग करते’.

आज आपण या वाट चुकलेल्या ठिणगीचा माग काढणार आहोत. अगदी गुप्तहेरासारखा. आणि हो, माग काढताना गाडीला हात लावायचा नाही. हात मिस्त्रींचे, डोकं आपलं!

लेझीम पथकातला एक गप्प झाला तर?

आधी इंजिन चालतं कसं ते पाहू. इंजिनात सिलिंडर नावाच्या पोकळ नळ्या असतात. मारुती ८०० आणि ओम्नीच्या ७९६ सीसीच्या इंजिनात त्या तीन असतात, बऱ्याच मोटारींत चार. प्रत्येक सिलिंडर चार कामं करतो: हवा-पेट्रोलचं मिश्रण आत ओढायचं, ते दाबायचं, पेटवायचं आणि धूर बाहेर टाकायचा. मिश्रण दाबलं गेलं की नेमक्या त्या क्षणी स्पार्क प्लगच्या टोकाशी ठिणगी उडते. भडका होतो, दट्ट्या खाली ढकलला जातो आणि त्या धक्क्यानं चाकं फिरतात.

या चार कामांत इंजिनाचे दोन फेरे होतात. म्हणजे दोन फेऱ्यांना एका सिलिंडरमध्ये एक ठिणगी. इंजिन मिनिटाला ३,००० फेरे करत असेल, तर एका प्लगला मिनिटात १,५०० ठिणग्या लागतात. सेकंदाला २५! तुम्ही “एक” म्हणेपर्यंत तीन सिलिंडरमध्ये मिळून ७५ वेळा ठिणगी उडून गेलेली असते.

सगळं ठीक असेल तर इंजिनाचा आवाज चांगल्या लेझीम पथकासारखा एका ठेक्यात येतो. पण पथकातला एक जण मधूनच गप्प बसला तर? लगेच कानाला खटकतं. तसंच इथे. तीनपैकी एक सिलिंडर पेटला नाही, तर उरलेल्या दोघांना स्वतःचं काम करून तिसऱ्याचं ओझंही वाहावं लागतं. एक तृतीयांश ताकद गेली, आणि वर तिसऱ्यातलं पेट्रोल न जळताच सायलेन्सरकडे निघालं. गाडी थरथरते, पेट्रोल जास्त खाते आणि मागून कच्च्या पेट्रोलचा वास येतो.

बारा व्होल्टचे वीस हजार

गाडीच्या बॅटरीत व्होल्ट असतात फक्त १२. मग वीस हजार आले कुठून?

मोरीतला नळ जोरात वाहत असताना एकदम बंद केला, तर कधी कधी पाइप ‘धाड्’ असा दणका देतो. वाहणारं पाणी अचानक अडवल्यामुळे दाब क्षणभर उसळतो. गाडीतली इग्निशन कॉइल विजेच्या बाबतीत काहीसं असंच करते. तिच्यात तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचं, थोड्या फेऱ्यांचं. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, हजारो फेऱ्यांचं. पहिल्या वेटोळ्यातून बॅटरीचा प्रवाह वाहत असतो. तो झटकन तोडला की दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्टचा दणका उठतो. यामागचं तत्त्व मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलं होतं. पुढे १९०२ मध्ये जर्मनीत रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यातले इंजिनिअर गॉटलोब होनोल्ड यांनी उच्च दाबाचा मॅग्नेटो आणि त्याला जोडलेला स्पार्क प्लग तयार केला, आणि मोटारीला भरवशाची ठिणगी मिळाली.

कॉइलमधून हा दणका प्लगपर्यंत नेतात त्या या जाड रबरी तारा. गॅरेजवाले त्यांना ‘प्लगच्या वायरी’ किंवा ‘एचटी वायर’ म्हणतात. एचटी म्हणजे हाय टेन्शन. जुन्या गाड्यांत मध्ये डिस्ट्रिब्युटर नावाचा वाटपकरी असतो. तो पंगतीत वाढावं तशी प्रत्येक सिलिंडरला पाळीपाळीनं ठिणगी वाढतो. चार सिलिंडरच्या बऱ्याच इंजिनांत ही पाळी १-३-४-२ अशी असते. मुंबईच्या रस्त्यांवर वर्षानुवर्षं धावलेली काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी अशाच डिस्ट्रिब्युटरवर चालायची. त्यातल्या शेवटच्या टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये संपली.

विजेची पळवाट

आता खरी गंमत इथे आहे. तारेत दोन भाग असतात. आत वीज नेणारा गाभा आणि बाहेर विजेला आत कोंडून ठेवणारं रबराचं किंवा सिलिकॉनचं जाड आवरण. ही सगळी तार मिळून सात-आठ मिलिमीटर जाड. रेल्वेनं जे काम मोठाल्या चिनी मातीच्या चकत्यांवर सोपवलंय, ते इथे एवढंसं रबर करतं. तेही इंजिनाच्या उष्णतेत, तेलाच्या थेंबांत, दिवसभर हादरे खात!

वीज नेहमी परत जायची वाट शोधत असते. गाडीचं सगळं लोखंड बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेलं असतं. तारेच्या रबराला भेग पडली आणि शेजारी इंजिनाचं लोखंड असलं, तर वीज कशाला प्लगपर्यंत जाईल? ती मध्येच लोखंडावर उडी मारते. प्लग कोरडाच राहतो.

तारापूर, चिंचणी, बोईसर भागातल्या मित्रांनी हाच प्रकार मोठ्या रूपात पाहिला असेल. १९६९ मध्ये तारापूरला देशातलं पहिलं अणुवीज केंद्र सुरू झालं. तिथून निघालेल्या २ लाख २० हजार व्होल्टच्या लाइनी मोठमोठ्या मनोऱ्यांवरून गेल्या आहेत. मनोरा आणि तार यांच्यामध्ये चकत्यांची लांबलचक माळ लटकते. दमट पहाटे दूर उभं राहून कान दिला, तर ‘चर्रर्र’ असा बारीक आवाज येतो. विजेची ती हवेत चाललेली चुळबुळ असते.

समुद्रकाठच्या लाइनींची डोकेदुखी म्हणजे मीठ. खारा वारा चकत्यांवर मिठाचा पातळ थर चढवतो. मीठ कोरडं असेपर्यंत वीज तिथून जात नाही. पण धुकं, दव किंवा भुरभुर पाऊस आला की मीठ ओलं होतं आणि चकतीवरून विजेला चक्क रस्ता मिळतो. धो-धो पाऊस आला तर मात्र मीठ धुऊन जातं.

आता व्हॅनच्या सीटखाली डोकावा. तिथल्या तारांवरही खारा वारा, रस्त्याची धूळ आणि तेलाचा चिकटा मिळून थर बसतो. पण त्यांना धुवायला पाऊस कुठून येणार? तिथे पोचतो तो फक्त ओलावा! म्हणून आपल्या किनारपट्टीवर जुलैच्या ओल्या सकाळी गाडी मिसिंग करते आणि दुपारी इंजिन तापून तारा वाळल्या की शहाण्यासारखी चालते. काकांना वाटतं, “झाली बरी!” बरी कसली, दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

घाटातच का रडते?

समजा, तुमची व्हॅन सहलीला निघाली. पालघरच्या सपाट रस्त्यावर छान पळाली. मनोरकडे जाताना वाघोबा खिंडीचा चढ लागला आणि धक्के सुरू झाले. सपाटीवर ठीक, चढावर आजारी. असं का?

याचं उत्तर हवेच्या दाबात आहे. मोकळ्या हवेत एक मिलिमीटरची फट ओलांडायला विजेला साधारण तीन हजार व्होल्ट लागतात. प्लगच्या टोकाची फट असते पाऊण ते एक मिलिमीटर. मग दोन-तीन हजार व्होल्ट पुरायला हवेत, नाही का? पण सिलिंडरमध्ये हवा मोकळी नसते, दाबलेली असते. दाटीवाटीच्या गर्दीतून वाट काढायला जास्त जोर लागतो, तसे दाबलेल्या हवेतून ठिणगी न्यायला जास्त व्होल्ट लागतात. दाब, फट आणि व्होल्ट यांचं हे नातं जर्मन शास्त्रज्ञ फ्रीडरिख पाशेन यांनी १८८९ मध्ये मांडलं.

चढावर काका ॲक्सिलरेटर दाबतात. सिलिंडरमध्ये जास्त मिश्रण शिरतं, दाब वाढतो आणि ठिणगीला लागणारे व्होल्टही वाढतात. सपाटीवर दहा हजारांत भागत होतं, तिथे आता पंधरा हजार लागले. पण भेगाळलेली तार बारा हजारांवरच फुटते! म्हणजे प्लगकडची वाट अवघड झाली आणि भेगेतली पळवाट सोपी ठरली. (हे आकडे समजण्यापुरते. प्रत्येक इंजिनाचे वेगळे.) गॅसवर चालणाऱ्या गाड्यांतही असंच होतं. सीएनजीच्या मिश्रणात ठिणगी उडवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात. म्हणून पुष्कळदा पेट्रोलवर गाडी मुकाट चालते आणि गॅसवर टाकली की तारेचं दुखणं बाहेर येतं.

आणखी एक पक्कं लक्षात ठेवा. काही जण प्लग बाहेर काढतात, इंजिनाला टेकवतात आणि ठिणगी दिसली की म्हणतात, “करंट येतोय, तार ठीक आहे.” पण ती ठिणगी मोकळ्या हवेतली! सपाट मैदानावर पळणारा गडी गड चढेलच असं नाही. बाहेर ठिणगी दिसली म्हणून आतही पडत असेल, असं म्हणता येत नाही.

दोन मिस्त्री

आता कल्पना करा. व्हॅनवाले काका गाडी घेऊन गॅरेजमध्ये गेले. “मिस्त्री, गाडी मिसिंग करते हो! परवा खिंडीत तर दमच तोडला तिनं.”

पहिले मिस्त्री क्षणात म्हणतात, “काका, पेट्रोलचा पंप गेला असणार. बदलून टाकू.” पंप बदलला. गाडी तशीच. “मग सेन्सर असेल.” तोही बदलला. गाडी तशीच. “आता इंजेक्टर बघावे लागतील.” तीन दिवस व्हॅन गॅरेजमध्ये. तीन दिवस काकांची कमाई बंद. तीन दिवस तुमचे आई-बाबा धावपळ करत तुम्हाला रिक्षानं शाळेत पाठवतात. आणि बिलाचा आकडा पाहून काकांचा चेहरा उतरतो. वर गंमत अशी, की यातला एखादा भाग काढताना तार हलली आणि गाडी दोन दिवस बरी चालली, तर सगळे म्हणणार, “सेन्सरच होता!” रोग तसाच, औषधाचा मात्र उदो उदो.

दुसरे मिस्त्री पाना उचलण्याआधी प्रश्न विचारतात. “काका, सकाळी जास्त होतं का दुपारी? पाऊस असला की वाढतं का? सपाटीवर होतं का फक्त चढावर? गॅसवर होतं का पेट्रोलवरसुद्धा? एकाच ठेक्यात चुकतं का कधीही, कसंही?” डॉक्टर ताप कधी चढतो ते विचारतात ना, अगदी तसं. ओल्या सकाळी, चढावर आणि गॅसवर जास्त, असं उत्तर आलं, की ते मनात नोंद करतात: ‘तारेवर संशय.’ पण फक्त संशय! शिक्षा अजून नाही.

मग ते डोळ्यांनी तपासतात. तार कुठे गरम पाइपला टेकून भाजली आहे का? उंदरानं कुरतडली आहे का? (पावसाळ्यात उबेसाठी उंदीर इंजिनापाशी हमखास मुक्कामाला येतात.) तारेच्या टोकाची पितळी टोपी हिरवी-पांढरी पडली आहे का? तो खाऱ्या हवेचा प्रताप.

रात्रीची वेळ असेल तर दिवे घालवून चालू इंजिनाकडे लांबून पाहतात. फुटक्या तारेतून निळसर ठिणग्या नाचताना दिसतात आणि ‘टिक्-टिक्’ आवाज येतो. दिवसा असेल तर सलूनमध्ये असते तशा बाटलीनं एकेका तारेवर पाण्याचा हलकासा फवारा मारतात. एखाद्या तारेवर पाणी पडताच इंजिन लडखडलं, की गळती तिथेच.

यानंतर मल्टिमीटर. तो तारेच्या दोन टोकांना लावला की गाभ्याचा रोध कळतो. हल्लीच्या तारांचा गाभा बहुधा कार्बनचा असतो. रेडिओत खरखर येऊ नये म्हणून मुद्दाम थोडा रोध ठेवलेला असतो. इथे आकडा काही हजार ओहम येतो. तिन्ही तारांचे आकडे लांबीच्या मानानं सारखे हवेत. एखादीचा फारच मोठा आला किंवा काही दाखवलंच नाही, तर ती आतून तुटली आहे.

पण सावधान! मल्टिमीटरला एकच रोग दिसतो. तारेला रोग दोन प्रकारचे होतात. एक, गाभा तुटणे. दुसरा, आवरण फुटून गळती होणे. मल्टिमीटर अगदी थोड्या व्होल्टवर काम करतो. तेवढ्याला आवरणातली भेग कळतसुद्धा नाही. म्हणून मीटरनं तार ‘पास’ केली, तरी वीस हजार व्होल्टच्या परीक्षेत ती नापास होऊ शकते. पाण्याचा फवारा गळती पकडतो, मीटर तुटका गाभा पकडतो. दोन रोगांना दोन वेगळ्या चाचण्या!

अदलाबदलीची युक्ती

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. समजा, दुसरा सिलिंडर गप्प आहे असं कळलं. (मिस्त्री इंजिन बंद करून एकेक तार काढतात, ती नीट अर्थ करतात आणि इंजिन क्षणभर चालवून पाहतात. चांगल्या सिलिंडरची तार काढली की आवाज आणखी बिघडतो. मेलेल्याची काढली तर काहीच फरक पडत नाही!) पण दोष तारेचा, प्लगचा का सिलिंडरचा?

मिस्त्री इंजिन बंद करतात. दोन नंबरची तार काढून तीनला लावतात आणि तीनची दोनला. लांबी पुरत नसेल तर एक चांगली, खात्रीची तार पाळीपाळीनं लावून पाहतात. प्रत्येक सिलिंडरला ठिणगी त्याच्या त्याच्या पाळीनंच मिळाली पाहिजे, फक्त तार बदलायची. बाकी कशालाही हात लावायचा नाही. मग इंजिन सुरू.

आता तीन नंबर गप्प झाला, तर दोष तारेबरोबर गेला. गुन्हेगार तार!

दोनच नंबर गप्प राहिला, तर तार निर्दोष. मग तारा जागच्या जागी लावायच्या आणि दोन-तीनचे प्लग एकमेकांच्या जागी बसवायचे. दोष प्लगबरोबर गेला, तर गुन्हेगार प्लग.

तरीही दोनच नंबर गप्प? मग दुखणं सिलिंडरच्या आत आहे किंवा त्याला मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये. व्हॉल्व्ह, दाब, इंजेक्टर यांच्याकडे आता वळायचं. आता, आधी नाही!

पाहिलंत? एक रुपयाही खर्च न करता चोर कोणत्या खोलीत आहे ते कळलं. यातली खरी युक्ती गाडीची नाहीच. ती आहे: एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि काय झालं ते पाहा. तार, प्लग आणि सेन्सर तिन्ही एकदम बदलले आणि गाडी सुधारली, तर कशामुळे सुधारली हे कधीच कळणार नाही. प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ हेच करतात, चांगले डॉक्टर हेच करतात आणि आपल्या नाक्यावरचे चांगले मिस्त्रीही हेच करतात. मिस्त्रींनी पाशेनचं नाव ऐकलेलं नसेल, पण पद्धत शास्त्राचीच आहे.

तार दोषी निघाली, तर बहुतेक वेळा सगळा संच एकदम बदलणं बरं. कारण सगळ्या तारा एकाच वयाच्या, एकाच उन्हा-पावसातल्या. एक गेली की बाकीच्याही रांगेत उभ्या असतात. आणि तार काढताना नेहमी टोकाची रबरी टोपी धरून काढायची. तार धरून ओढली की आतला गाभा तुटतो. कित्येक तारा म्हाताऱ्या होऊन मरत नाहीत, ओढून मारल्या जातात!

नव्या गाड्यांचं काय?

तुम्ही म्हणाल, “आमच्या नव्या गाडीत अशा तारा दिसतच नाहीत.” बरोबर. नव्या पेट्रोल गाड्यांत प्रत्येक प्लगच्या डोक्यावरच छोटी कॉइल बसवलेली असते. वाटच उरली नाही, तर ठिणगी वाट चुकेल कशी? शिवाय गाडीतला संगणक इंजिनाच्या फिरण्यावर लक्ष ठेवतो. एखादा सिलिंडर पेटला नाही, की फिरण्याचा वेग किंचित अडखळतो. संगणक ते ओळखतो आणि समोर इंजिनाचं चित्र असलेला पिवळा दिवा लावतो. मिस्त्रींनी यंत्र जोडलं की त्यात ‘पी ०३०२’ असा आकडा येतो. शेवटचा २ म्हणजे दुसरा सिलिंडर.

पण थांबा. संगणकानं ‘कुठे’ ते सांगितलं, ‘कशामुळे’ ते नाही! दोन नंबरची कॉइल, प्लग का इंजेक्टर? मग चांगले मिस्त्री काय करतात? दोनची कॉइल काढून तीनवर बसवतात. पुन्हा यंत्र लावतात. आता ‘पी ०३०३’ आलं, तर कॉइल दोषी. तीच आपली अदलाबदल! गाडी बदलली, विचार तोच राहिला.

आणि एसटीच्या गाड्या? डिझेलच्या इंजिनात स्पार्क प्लगच नसतो. तिथे हवा इतकी दाबतात, की तिच्या उष्णतेनंच डिझेल पेटतं. एसटी थरथरली तर तारेला दोष देऊ नका बरं का!

करून पाहा

साहित्य: एकाच प्रकारच्या दोन बॅटऱ्या (टॉर्च), त्यातले सेल आणि एक वही.

ताईला किंवा दादाला सांगा, की एका टॉर्चमध्ये गुपचूप बिघाड करून ठेव. एखादा जुना सेल घालायचा किंवा सेलच्या टोकावर कागदाचा बारीक तुकडा चिकटवायचा. आता तुम्ही हेर! चांगल्या टॉर्चमधली एकच वस्तू आजारी टॉर्चमध्ये घाला. पेटला? नाही? वहीत लिहा. ती वस्तू परत जागेवर ठेवा आणि मगच दुसरी बदला. किती पावलांत चोर सापडला ते मोजा. मग दुसऱ्यांदा सगळं एकदम बदलून पाहा. टॉर्च पेटेल, पण चोर कोण होता ते सांगता येईल का?

आता एक हिशेब. चार सिलिंडरचं इंजिन मिनिटाला २,४०० फेरे करतंय. सेकंदाला एकूण किती ठिणग्या उडत असतील? उत्तर सगळ्यात शेवटी आहे. आधी हिशेब, मग उत्तर!

हे मात्र कधीच नाही

चालू इंजिनाच्या तारांना, प्लगला हात लावायचा नाही. कॉइलच्या झटक्यात ऊर्जा थोडी असते, पण झटक्यानं हात उडून फिरत्या पंख्यात किंवा पट्ट्यात जाऊ शकतो. ज्यांच्या छातीत पेसमेकर बसवला आहे अशा आजी-आजोबांनी तर जवळही थांबू नये. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. आणि रेल्वेच्या किंवा मनोऱ्यावरच्या तारांपासून तर शंभर पावलं दूर! तिथे अंगाला तार लागायचीही गरज नसते, नुसतं फार जवळ गेलं तरी वीज उडी मारते.

आई-बाबांसाठी दोन शब्द

गाडी मिसिंग करत असेल तर ‘चालतेय तोवर चालवू’ असं करू नका. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. मग तारेसारख्या स्वस्त वस्तूपायी तो महागडा भाग निकामी होतो. इंजिनाचा दिवा लुकलुकायला लागला, तर गाडी बाजूला घेणंच शहाणपणाचं. आणि मिस्त्रींनी एखादा भाग बदलायला सांगितला, तर शांतपणे एवढंच विचारा: “हाच दोषी आहे हे कसं ओळखलंत?” चांगल्या मिस्त्रींना या प्रश्नाचा राग येत नाही. उलट ते हौसेनं दाखवतात. त्या वेळी मुलाला किंवा मुलीला शेजारी, सुरक्षित अंतरावर उभं करा. तासभर पुस्तकात शिकून होणार नाही एवढं ते पाच मिनिटांत शिकतील.

तर दोस्तांनो, उद्या व्हॅनमध्ये बसलात की इंजिनाचा ठेका कान देऊन ऐका. एका लयीत येतोय का मध्येच एक जण गप्प बसतोय? गप्प बसत असेल तर काकांना नक्की सांगा, “काका, सकाळी जास्त होतं का दुपारी?”

(हिशेबाचं उत्तर: एका सिलिंडरमध्ये मिनिटाला १,२००, चारांत मिळून ४,८००. म्हणजे सेकंदाला ८० ठिणग्या.)